नागरिक कोण आणि मत कोणाचे? अमेरिकेतील काही गाजलेले न्यायालयीन निकाल



नागरिकशास्त्र शिकवताना 'सार्वत्रिक प्रौढ मताधिकार' हा मुद्दा येतो. जात, धर्म, वंश, लिंग, शिक्षण, संपत्ती असा कोणताही भेद न करता प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत देण्याचा अधिकार. मुलं ही व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पुढच्या धड्याला लागतात. पण या व्याख्येतला प्रत्येक शब्द कुठे ना कुठे, कोणाला ना कोणाला नाकारला गेला होता, म्हणूनच तो व्याख्येत लिहावा लागला. हे मुलांना सांगायचं मात्र राहून जातं.

ते समजून घ्यायला अमेरिकेचं उदाहरण फार उपयोगी आहे. सर्व माणसे समान जन्माला येतात असं या देशाने १७७६ सालीच जाहीर केलं होतं. तरीही 'नागरिक कोण?' आणि 'नागरिक असला तरी त्याला मत देता येईल का?' या दोन प्रश्नांवर तिथे दीडशे वर्षांहून जास्त काळ खटले चालले. आज आपण त्यातले महत्त्वाचे निकाल क्रमाने बघू या.

आधी थोडी पार्श्वभूमी

तीन गोष्टी लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

१) भारतात लोकसभा-विधानसभा निवडणुका निवडणूक आयोग घेतो. अमेरिकेत निवडणुकीचे बरेचसे नियम प्रत्येक राज्य आपापले ठरवते. मतदार यादीत नाव कसं घालायचं, हेही राज्याच्या हातात.

२) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आज नऊ न्यायाधीश आहेत. निकाल बहुमताने होतो. ज्यांना तो पटत नाही ते आपलं विरोधी मत लिहून ठेवतात. आज हरलेलं विरोधी मत पन्नास वर्षांनी जिंकू शकतं.

३) न्यायालय स्वतःहून असे प्रश्न सोडवायला बसत नाही. कोणीतरी खटला घेऊन जावं लागतं. म्हणून या प्रत्येक निकालामागे एक माणूस आहे. कोणी गुलाम, कोणी स्वयंपाकी, कोणी न्हावी, कोणी दाताचा डॉक्टर.

१. ड्रेड स्कॉट खटला (१८५७) : "तुम्ही नागरिकच नाही"

ड्रेड स्कॉट हे जन्मापासून गुलाम होते. त्यांचे मालक सैन्यातले डॉक्टर होते. बदलीच्या निमित्ताने मालकाने त्यांना इलिनॉय राज्यात आणि नंतर उत्तरेकडच्या प्रदेशात नेलं. दोन्ही ठिकाणी गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. पुढे ते मिसुरी राज्यात परत आले. १८४६ साली स्कॉट आणि त्यांची पत्नी हॅरिएट यांनी सेंट लुईसच्या कोर्टात दावा लावला. मुद्दा साधा होता. आम्ही मुक्त भूमीवर राहिलो, म्हणून आम्ही मुक्त आहोत.

१८५० मध्ये ते जिंकले. १८५२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ कोर्टात हरले. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ६ मार्च १८५७ रोजी निकाल लागला. सात विरुद्ध दोन. सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी लिहिलं की आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, मग ते गुलाम असोत की मुक्त, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. आणि नागरिक नाहीत, म्हणून संघराज्याच्या कोर्टात दावा लावण्याचा अधिकारही त्यांना नाही.

इथे मुलांना थांबवून एक गोष्ट जरूर सांगा. न्यायाधीश बेंजामिन कर्टिस यांनी विरोधी मतात दाखवून दिलं होतं की राज्यघटना मंजूर झाली त्या काळी पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय पुरुष मत देऊ शकत होते. म्हणजे ज्यांच्या मतांचा घटना स्वीकारण्यात वाटा होता, त्यांनाच सत्तर वर्षांनी 'ही घटना तुमच्यासाठी नाही' असं सांगितलं गेलं.

निकालानंतर काही आठवड्यांतच नव्या मालकाने स्कॉट कुटुंबाला मुक्त केलं. पण जेमतेम सव्वा वर्ष स्वातंत्र्य उपभोगून १८५८ मध्ये ड्रेड स्कॉट क्षयाने वारले.

२. तीन घटनादुरुस्त्या

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. त्यानंतर राज्यघटनेत तीन मोठे बदल झाले.

- तेरावी दुरुस्ती (१८६५) : गुलामगिरी बंद.
- चौदावी दुरुस्ती (१८६८) : अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्रात येणारी प्रत्येक व्यक्ती नागरिक. कायद्याचे संरक्षण सर्वांना समान.
- पंधरावी दुरुस्ती (१८७०) : वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून मताचा अधिकार नाकारता येणार नाही.

आता वाटेल की प्रश्न सुटला. कागदावर सुटलाच होता. खरी गंमत, खरं तर खरं दुःख, यापुढे सुरू होतं.

३. नागरिक आहात, पण मत नाही

नागरिकत्व मिळालं की मत आपोआप मिळतं असं आपण धरून चालतो. तिथे तसं झालं नाही.

व्हर्जिनिया मायनर या मिसुरीतल्या बाईंनी मतदार यादीत नाव घालायचा प्रयत्न केला, तो नाकारला गेला. त्यांचं म्हणणं होतं, चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे मी नागरिक आहे, मग मला मत का नाही? १८७५ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, तुम्ही नागरिक आहात हे खरं, पण नागरिक असणं म्हणजे मतदार असणं नव्हे. स्त्रियांना हा हक्क एकोणिसाव्या दुरुस्तीने १९२० मध्ये मिळाला. तोही कागदावर. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यानंतरही वर्षानुवर्षे यादीबाहेर ठेवलं गेलं.

दुसरा खटला जॉन एल्क यांचा. हे मूळ अमेरिकन आदिवासी. आपली जमात सोडून ते नेब्रास्का राज्यात ओमाहा शहरात राहायला आले. १८८० मध्ये मतदार नोंदणीला गेले, तर नाव घेतलं नाही. १८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे जमातीत जन्मले, म्हणून जन्माने नागरिक नाहीत. ज्या मातीत या माणसाच्या कित्येक पिढ्या गेल्या, तिथे तोच परका ठरला! सर्व आदिवासींना नागरिकत्व देणारा कायदा व्हायला १९२४ साल उजाडलं.

४. प्लेसी खटला (१८९६) : "वेगळे पण समान"

लुईझियाना राज्यात कायदा झाला की रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा आणि कृष्णवर्णीयांचा वेगळा. या कायद्याला आव्हान द्यायचं म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या काही नागरिकांनी ठरवून एक माणूस पाठवला, होमर प्लेसी. त्यांच्या पूर्वजांत आठ भागांपैकी सात भाग गोरे होते. ७ जून १८९२ रोजी ते गोऱ्यांच्या डब्यात बसले, आपला वंश सांगितला आणि उठायला नकार दिला. त्यांना अटक झाली.

न्यायालयाने सात विरुद्ध एक असा निकाल दिला की सोयी समान असतील तर वेगळं ठेवण्यात घटनेचा भंग नाही. हा निकाल पुढे शाळा, दवाखाने, बागा, पाण्याचे नळ अशा सगळ्यांना लागू केला गेला. 'वेगळे' तेवढं कडक पाळलं गेलं, 'समान' कोणी तपासलंच नाही.

एकट्या न्यायाधीश जॉन हार्लन यांनी विरोध केला. घटनेला माणसाचा रंग दिसत नाही, दिसता कामा नये, असा त्यांच्या मताचा सार होता.

५. वाँग किम आर्क खटला (१८९८) : जन्माने नागरिक

वाँग किम आर्क यांचा जन्म १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. आईवडील चिनी. ते स्वयंपाकी म्हणून काम करत. १८८२ पासून चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी होती. वाँग चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आले तेव्हा बंदरावर त्यांना अडवलं. तुम्ही इथले नागरिकच नाही, असं सांगून त्यांना बोटीवरच ठेवलं गेलं.

२८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने सांगितलं की आईवडील परदेशी असले, त्यांना स्वतःला नागरिकत्व मिळत नसलं, तरी ते इथे स्थायिक असताना इथे जन्मलेलं मूल चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे नागरिकच आहे.

आता एक विचार करण्यासारखी गोष्ट. हा निकाल लिहिणारे न्यायाधीश होरेस ग्रे यांनीच चौदा वर्षांपूर्वी जॉन एल्क यांच्या विरोधातला निकाल लिहिला होता. आणि प्लेसीच्या बाजूने एकटे उभे राहिलेले हार्लन, वाँग यांच्या वेळी मात्र विरोधात गेले! म्हणून मुलांना 'हे न्यायाधीश चांगले, ते वाईट' असं शिकवू नका. एका बाबतीत स्पष्ट दिसणाऱ्या माणसाला दुसऱ्या बाबतीत दिसत नाही, असं होतं. हे तुमच्या-माझ्याही बाबतीत खरं आहे.

६. भारतीय माणूस 'गोरा' की नाही? (१९१० ते १९२७)

हा भाग वर्गात सांगितला की मुलं कान टवकारतात, कारण इथे आपले लोक येतात.

परदेशातून आलेल्या माणसाला नागरिकत्व देण्याचा अमेरिकेचा पहिला कायदा १७९० चा. त्यात फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तींना' नागरिकत्व मिळत असे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातले लोक बाहेरच राहिले. त्यामुळे ज्याला नागरिक व्हायचं असेल त्याने कोर्टात 'मी गोरा आहे' हे सिद्ध करायचं, असा विचित्र प्रकार सुरू झाला.

मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने गोरे मानलं आणि नागरिकत्व कायम केलं. पुढे १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. त्यांची कातडी अनेक गोऱ्यांपेक्षा गोरी होती. न्यायालय म्हणालं, कातडीच्या रंगाचा प्रश्न नाही, गोरा म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा. ओझावा हरले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंड यांचा खटला आला. थिंड हे पंजाबातले शीख. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती. त्यांनी म्हटलं, मानववंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय लोक कॉकेशियन आहेत, शिवाय मी उच्च जातीचा आहे, म्हणजे मी गोरा. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच न्यायालयाने, त्याच न्यायाधीश जॉर्ज सदरलँड यांच्या लेखणीतून सांगितलं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. थिंडही हरले. तीन महिन्यांत मोजपट्टीच बदलली!

यात आपल्यासाठी एक बोचणारा धडा आहे. थिंड यांच्या बाजूने 'कोणालाही वंशावरून नाकारू नका' असा युक्तिवाद झाला नाही, 'आम्ही वरच्या जातीचे, म्हणून आम्हाला वरच्या वंशात घ्या' असा झाला. उतरंड तशीच ठेवून आपल्यापुरती वरची पायरी मागितली, आणि तीही मिळाली नाही.

या निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णोदास बगाई यांचंही नागरिकत्व गेलं. कोणत्याच देशाचा न राहिलेल्या या माणसाने १९२८ मध्ये स्वतःचं जीवन संपवलं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही सरकारने खटला भरला. पंडित १९१४ पासून नागरिक होते, त्यावर विसंबून त्यांनी वकिली आणि संसार उभा केला होता. एकदा न्यायालयाने दिलेलं नागरिकत्व सरकारने असं मागाहून उकरून काढू नये, असं त्यांनी मांडलं. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला.

भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग कायद्याने खुला झाला तो १९४६ मध्ये.

७. मतदानाच्या वाटेवरचे काटे

आता पुन्हा दक्षिणेकडच्या राज्यांत येऊ. पंधरावी दुरुस्ती म्हणते वंशावरून मत नाकारता येणार नाही. मग राज्यांनी कायद्यात 'वंश' हा शब्दच लिहिला नाही. त्याऐवजी काय केलं बघा.

साक्षरता चाचणी : नोंदणीला आलेल्या माणसाने राज्यघटनेचा उतारा वाचायचा, त्याचा अर्थ सांगायचा. उतारा कोणता हे अधिकारी ठरवणार. उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवणार.

मतदान कर : आधी कर भरा, मग मत द्या. गरिबाने पोट भरायचं की कर?

आजोबा कलम : ओक्लाहोमा राज्याने १९१० मध्ये नियम केला की १ जानेवारी १८६६ रोजी ज्यांना किंवा ज्यांच्या पूर्वजांना मत होतं त्यांना चाचणीतून सूट. तारीख नीट बघा. पंधरावी दुरुस्ती १८७० ची. म्हणजे कृष्णवर्णीयाच्या आजोबाला १८६६ मध्ये मत असणं जवळजवळ अशक्यच. अडाणी गोरा सुटला, कृष्णवर्णीय अडकला. १९१५ च्या गिन खटल्यात न्यायालयाने हे कलम एकमताने रद्द केलं.

मग राज्याने काय केलं? १९१६ मध्ये नवा कायदा. ज्यांनी १९१४ मध्ये मत दिलं होतं त्यांची नावं यादीत आपोआप राहतील. बाकीच्यांनी बारा दिवसांत नोंदणी करावी, नाहीतर कायमचे बाद. १९१४ मध्ये मत कोणी दिलं होतं, हे वेगळं सांगायला नको. हा कायदा रद्द व्हायला १९३९ साल उजाडलं. जिंकलेला खटला असा तेवीस वर्षं हातातून निसटत राहिला.

टेक्सासची गोष्ट तर आणखी लांब. तिथे त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षच निवडून यायचा. त्यामुळे पक्षाचा उमेदवार निवडणारी प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक. आणि तिथे मतदार फक्त गोरे.

- १९२७ : एल पासोचे डॉक्टर निक्सन जिंकले. गोऱ्यांपुरती निवडणूक ठेवणारा राज्याचा कायदा रद्द.
- १९३२ : राज्याने तो अधिकार पक्षाच्या समितीला दिला. डॉ. निक्सन पुन्हा कोर्टात गेले, पुन्हा जिंकले.
- १९३५ : आता पक्षाच्या अधिवेशनाने स्वतःच ठराव केला. ह्यूस्टनचे न्हावी ग्रोव्ही कोर्टात गेले आणि हरले. पक्ष ही खासगी संस्था आहे, असं न्यायालय म्हणालं.
- १९४४ : ह्यूस्टनचेच दाताचे डॉक्टर लॉनी स्मिथ यांनी पुन्हा दावा लावला. त्यांच्या वकिलांत थर्गुड मार्शल होते. आठ विरुद्ध एक मतांनी स्मिथ जिंकले. नऊच वर्षांपूर्वीचा निकाल न्यायालयाने स्वतःच मोडला.

हेच मार्शल पुढे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

८. ब्राऊन खटला (१९५४) : शाळेचं दार

आपण शिक्षक आहोत, म्हणून हा निकाल आपल्याला जवळचा. कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावात लिंडा ब्राऊन या मुलीला घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून लांबच्या शाळेत जावं लागे. तिच्या वडिलांनी आणि इतर पालकांनी दावा लावला. दुसऱ्या राज्यांतले तसेच खटलेही त्याला जोडले गेले.

१७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल वाचला. नऊ विरुद्ध शून्य. इमारती, पुस्तकं, पगार सगळं सारखं केलं तरी मुलांना रंगावरून वेगळं बसवलं की 'आपण कमी आहोत' ही भावना त्यांच्या मनात घर करते, म्हणून वेगळ्या शाळा मुळातच असमान आहेत, असं न्यायालय म्हणालं. प्लेसी खटल्यातलं 'वेगळे पण समान' हे तत्त्व शाळांपुरतं संपलं. हार्लन यांच्या विरोधी मताला अठ्ठावन्न वर्षं वाट बघावी लागली.

९. नकाशा, चाचणी आणि दीड डॉलर (१९६० ते १९६६)

अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं शहर आहे. तिथे कृष्णवर्णीयांचं मोठं महाविद्यालय, शिकलेसवरलेले लोक. त्यांनी चाचण्या पार करून मतदार यादीत नावं घातली. तेव्हा राज्याने शहराची हद्दच बदलली. चौकोनी शहर अठ्ठावीस बाजूंचं झालं. सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला आणि १९६० मध्ये ते जिंकले. भूमिती शिकवताना हे उदाहरण जरूर द्या!

१९६५ मध्ये लुईझियानाची 'अर्थ सांगा' चाचणी न्यायालयाने रद्द केली. या खटल्याच्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. एका गोऱ्या अर्जदाराला 'भाषणस्वातंत्र्य' एवढंही शुद्ध लिहिता आलं नव्हतं, तरी तो पास. उच्चशिक्षित कृष्णवर्णीय मात्र नापास, आणि तपासणारा अधिकारी त्यांच्यापेक्षा कमी शिकलेला.

त्याच वर्षी मार्चमध्ये सेल्मा गावात मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. देश हादरला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला. ज्या भागांत भेदभावाचा इतिहास होता तिथे चाचण्या बंद झाल्या. त्या भागांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलायचा तर आधी केंद्राची परवानगी आवश्यक झाली. दक्षिण कॅरोलायना राज्याने या कायद्याला आव्हान दिलं, पण १९६६ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. फरक किती पडला? मिसिसिपी राज्यात कायद्याआधी पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ टक्के नोंदलेले होते. दोन वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं.

१९६६ मध्येच व्हर्जिनिया राज्याच्या मतदान कराचा निकाल लागला. कर होता वर्षाला दीड डॉलर. अॅनी हार्पर यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की मतदाराची लायकी आणि त्याच्या खिशातला पैसा यांचा काही संबंध नाही.

१०. शेल्बी खटला (२०१३) : पुन्हा प्रश्न

इथे गोष्ट 'आणि ते सुखाने नांदू लागले' अशी संपत नाही. २५ जून २०१३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने सांगितलं की कोणत्या राज्यांनी पूर्वपरवानगी घ्यायची हे ठरवणारं सूत्र जुन्या आकडेवारीवर आधारलेलं आहे, ते आता चालणार नाही. त्यामुळे पूर्वपरवानगीची अट व्यवहारात थांबली. न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात छत्रीचं उदाहरण दिलं. छत्रीमुळे आपण भिजत नाही, म्हणून भर पावसात छत्री टाकून द्यायची का, असा त्यांचा मुद्दा होता.

२०२३ मध्ये अलाबामाच्या मतदारसंघांच्या आखणीवर पाच विरुद्ध चार असा निकाल मतदारांच्या बाजूने लागला. तो लिहिणारे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनीच शेल्बीचा निकाल लिहिला होता. या विषयावरचे खटले त्यानंतरही चालूच राहिले.

आपला संबंध काय?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांतर्फे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.

ब्रिटिश काळात आपल्याकडेही मत मिळायचं ते मालमत्ता, कर किंवा शिक्षण बघून. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कलम ३२६ प्रमाणे प्रत्येक प्रौढाला मत दिलं. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं. म्हणजे साक्षरतेची अट घातली असती तर पाचातले चार लोक बाहेर राहिले असते. आपण अट घातली नाही, मतपेट्यांवर चिन्हं लावली. अंगठा लावणाऱ्या आजीचं मत आणि प्राध्यापकाचं मत सारखंच मोजलं गेलं.

आजही कधीकधी गप्पांत ऐकू येतं, "अडाणी लोकांना मत देऊच नये." शिकलेली माणसं हे बोलतात. अशा वेळी लुईझियानाची चाचणी आठवावी. अक्षर शिकवणं हे आपलं काम आहे. तेच अक्षर कोणाला दाराबाहेर ठेवायला वापरलं जात असेल, तर सर्वांत आधी शिक्षकाने बोललं पाहिजे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१८५७ – ड्रेड स्कॉट : कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले
१८७५ – मायनर : नागरिकत्व म्हणजे मताधिकार नव्हे
१८८४ – एल्क : आदिवासी जन्माने नागरिक नाही
१८९६ – प्लेसी : वेगळे पण समान
१८९८ – वाँग किम आर्क : जन्माने नागरिकत्व
१९१५ – गिन : आजोबा कलम रद्द
१९२३ – थिंड : भारतीयांना नागरिकत्व नाकारले
१९४४ – स्मिथ : गोऱ्यांपुरती प्राथमिक निवडणूक रद्द
१९५४ – ब्राऊन : वेगळ्या शाळा असमान
१९६० – गोमिलियन : वंशावरून हद्द बदलणे अवैध
१९६६ – हार्पर : मतदान कर रद्द
२०१३ – शेल्बी : पूर्वपरवानगीचे सूत्र रद्द

वर्गात घ्यायचा उपक्रम

वर्गप्रमुखाची निवड करायची आहे असं सांगा. प्रत्येक मुलाला एक काल्पनिक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर आजोबांना मत होतं की नाही, कर भरला की नाही, घर नव्या हद्दीत की बाहेर, असं लिहिलेलं असावं. एकेक नियम वाचत जा आणि बाद होणाऱ्यांना बाजूला उभं करा. शेवटी किती मतदार उरले ते फळ्यावर लिहा. एक सूचना : मुलांच्या खऱ्या घरची माहिती यात वापरू नका. पहिल्याच पिढीत शिकणारी मुलं आपल्या वर्गात असतात, त्यांना ते लागतं. उपक्रम झाल्यावर बाजूला उभ्या राहिलेल्या मुलांना आधी बोलू द्या.

स्वाध्याय

१) 'आजोबा कलमा'त वंशाचा उल्लेख नव्हता. तरी ते भेदभावाचे का होते? तारखांच्या आधारे लिहा.
२) ओझावा आणि थिंड यांच्या खटल्यांत 'गोरा' या शब्दाचा अर्थ कसा बदलला?
३) शाळेच्या सोयी समान असूनही वेगळ्या शाळा असमान का ठरल्या?
४) टेक्सासमधील प्राथमिक निवडणुकीचा प्रश्न सुटायला १९२७ ते १९४४ एवढा काळ का लागला?
५) घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा : तुम्ही पहिल्यांदा मत कधी दिले? त्या दिवसाबद्दल पाच ओळी लिहा.

पाचवा प्रश्न शक्यतो प्रत्येक मुलाने सोडवावा. आलेली उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षी हाच पाठ शिकवताना ती उपयोगी पडतील.